कान सहा वेळा दुखला. पडदा किती वेळा पाहिला?

पुण्याजवळ राहणाऱ्या, नोकरी करणाऱ्या एका आईचं पत्र आलं आहे. मुलगा एकोणीस महिन्यांचा. अकराव्या महिन्यापासून पाळणाघरात जातो आणि तेव्हापासून, म्हणजे गेल्या आठ महिन्यांत, सहा वेळा त्याचा कान दुखला. पाच वेळा अँटिबायोटिक देऊन झालं. ऑगस्टमधल्या कोर्सच्या सातव्या दिवशी पोटापाठीवर लाल पुरळ उठलं. घरात सगळे म्हणाले औषध उष्ण पडलं, नणंद म्हणाली पेनिसिलिनची ॲलर्जी असणार. आताच्या कोर्समध्ये दिवसाला सहा-सात जुलाब झाले, ढुंगण सोलवटलं, म्हणून चौथ्या दिवशी आईने औषध बंद केलं. डॉक्टरांना अजून सांगितलेलं नाही. सासूबाईंचा आग्रह आहे की लसणीचं तेल कानात सोडावं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी ग्रोमेटचा, म्हणजे कानाच्या पडद्यात इवली नळी बसवण्याचा, विषय काढला आहे. पत्राचा शेवट असा: ‘इतकी अँटिबायोटिक्स देऊन मी त्याची प्रतिकारशक्ती मारली का? आणि नाही दिली तर तो बहिरा होईल का? मला दोन्हीची भीती वाटते.’

ताई,

तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी दोन ओळी कळवल्या होत्या. त्याच इथे पुन्हा लिहिते, कारण औषध परस्पर बंद करून गप्प बसलेल्या तुम्ही एकट्या नाही. उरलेली बाटली आपल्या मनाने परत सुरू करू नका. डॉक्टरांना फोन करून स्पष्ट सांगा, ‘जुलाब फार झाले म्हणून चौथ्या दिवशी औषध थांबवलं,’ आणि कान दाखवून आणा. कानामागे सूज किंवा लाली आली, कान पुढे ढकलल्यासारखा दिसू लागला, चेहऱ्याची एक बाजू ओघळली, मान ताठ झाली, मूल मलूल होऊन पडलं किंवा सात-आठ तासांत लघवीच झाली नाही, तर मात्र फोन करत बसायचं नाही, सरळ दवाखाना गाठायचा.

तुम्ही स्वतःला फार बोल लावून घेतला आहे. लेकराचे हाल बघवेनात म्हणून तुम्ही थांबलात, ते मला कळतं. पण डॉक्टर रागावतील म्हणून सांगितलं नाहीत, तिथे घोटाळा झाला. जुलाबांसाठी औषध बदलता येतं, डोस तपासता येतो, कदाचित पूर्ण थांबवताही येतं. सांगितलं नाही तर पुढच्या वेळी डॉक्टर धरून चालतात की दहा दिवसांचा कोर्स झाला आणि तरीही कान परत आला. मग त्याहून जड औषध लिहिलं जातं. म्हणजे ज्या गोष्टीची तुम्हाला भीती वाटते, तीच ओढवते.

आता मूळ गोष्टीकडे येते. तुम्ही विचारलंय, अँटिबायोटिक द्यावं की न द्यावं. मला त्याच्या आधीचा प्रश्न पडला आहे. या सहा वेळांपैकी किती वेळा कोणीतरी ओटोस्कोप लावून कानाचा पडदा पाहिला? तुम्ही पत्रात ओघात लिहून गेलात की दोनदा फोनवरच औषध मिळालं आणि एकदा ‘मळ आहे पण कान लाल वाटतोय’ असं सांगितलं गेलं. म्हणजे सहातल्या तीन वेळा मला धूसर दिसतात.

ओटोस्कोप म्हणजे ती टॉर्चसारखी दांडी, पुढे काळं नळकांडं असलेली. त्यातून निरोगी पडदा मोतिया करड्या रंगाचा, पातळ, किंचित आत ओढलेला दिसतो आणि त्यावर प्रकाशाचा तिकोनी कवडसा पडतो. मधल्या कानात पू साठला की पडदा बाहेर फुगतो. मधोमध त्याला एका इवल्या हाडाचं टोक चिकटलेलं असतं, तिथे तो अडकून राहतो, म्हणून मध्ये खळगा आणि भोवती गुबगुबीत कड असा आकार होतो, अगदी मेदूवड्यासारखा. हा फुगवटा हीच खरी खूण. नुसता लाल पडदा म्हणजे इन्फेक्शन नव्हे. दीड वर्षाचं मूल तपासताना किंचाळून रडतं तेव्हा त्याचं तोंड लाल होतं, तसाच पडदाही लाल होतो. तापातही होतो. मूल कान ओढतंय, कानात बोट घालतंय, एवढ्यावरूनही काही ठरत नाही. झोप आली, दाढ येतेय, किंवा नुसता चाळा म्हणूनसुद्धा या वयाची मुलं कान ओढतात. ताप, सर्दी, रात्री आडवं केलं की रडणं आणि त्यासोबत फुगलेला पडदा, असं जुळून आलं की मग म्हणायचं, हा मधल्या कानाचा संसर्ग आहे.

हे सांगताना मी कुणा डॉक्टरवर बोट ठेवत नाही. चोवीस वर्षांपूर्वी दवाखाना थाटला तेव्हा पावसाळ्यातल्या गर्दीत मळाने भरलेला कान पाहून ‘लाल वाटतोय’ असं लिहून मी स्वतः मोकळी झाले आहे. बाहेर वीस मुलं खोकत बसलेली असतात, आतलं मूल लाथा झाडत असतं. अशा वेळी आईची मदत फार मोलाची ठरते. मुलाला मांडीवर, तुमच्याकडे तोंड करून नव्हे तर एका बाजूला तोंड करून, आडवं बसवा. त्याचे पाय तुमच्या गुडघ्यांत धरा, एक हात त्याच्या दोन्ही हातांवरून घ्या आणि दुसऱ्या हाताने डोकं छातीशी घट्ट टेकवा. दहा सेकंद पुरतात. आणि नंतर तीन प्रश्न विचारा: पडदा दिसला का? फुगलेला आहे का? एकच कान की दोन्ही? डॉक्टरांना याचा राग येत नाही. मला तरी कधी आला नाही. उलट समोरची आई असं विचारते तेव्हा मीही पुन्हा एकदा नीट पाहते.

मोजणी नीट झाली की बरीच चिंता आपोआप उतरते. वैद्यकशास्त्रात ‘वारंवार’ हा शब्द सहा महिन्यांत तीन किंवा वर्षात चार ‘खऱ्या’ संसर्गांना वापरतात. शिवाय वर्षातल्या चारांपैकी एक तरी गेल्या सहा महिन्यांतला असावा लागतो. तुमच्या मुलाच्या सहातले तीनच खरे निघाले, आणि तेही सहा महिन्यांच्या आत आलेले नसले, तर सगळं चित्र पालटतं. सहाच्या सहा खरे निघाले, तर ग्रोमेटपर्यंतचा विचार योग्यच आहे. दोन्हींपैकी काय, हे आज मला सांगता येणार नाही, पण इथून पुढे तुम्ही ते अंधारात राहू देऊ नका.

प्रतिकारशक्तीचं म्हणाल, तर अँटिबायोटिक प्रतिकारशक्ती मारत नाही. कान फुटण्याचं, ठणकण्याचं हे वयच आहे. घसा आणि मधला कान यांना जोडणारी एक नळी असते, युस्टेशियन नळी. मोठ्यांत ती लांब आणि उतरती असते. बाळांत आखूड, जवळजवळ आडवी आणि लिबलिबीत. सर्दी झाली की ती सुजून बंद होते, मागे पाणी साठतं आणि नाका-घशात आधीच राहणारे जंतू, मुख्यतः न्युमोकोकस आणि हिमोफिलस, त्यात वाढतात. सहा महिने ते दोन वर्षं हा सगळ्यात वाईट काळ. त्यात पाळणाघर म्हणजे महिन्याला एक नवी सर्दी. मूल वाढतं तशी नळी लांबते, उतरती होते आणि बहुतेकांचा त्रास आपसूक कमी होत जातो. नुसत्या कानावरून मी सहसा प्रतिकारशक्तीची तपासणी लिहून देत नाही. सोबत न्यूमोनिया पुन्हापुन्हा झाला, खोल गळवं झाली, वजन वाढेना, अशी लक्षणं असली तर मात्र तो विचार करायलाच हवा.

अँटिबायोटिकने बिघडतं ते वेगळंच. नाका-घशातले आणि आतड्यातले औषधाला दबणारे जंतू मरतात, न दबणारे उरतात आणि काही आठवडे ठाण मांडतात. म्हणून गेल्या तीस दिवसांत अमॉक्सिसिलिन (हे पेनिसिलिनच्याच जातीचं औषध) झालं असेल, तर डॉक्टर पुढच्या वेळी वेगळं औषध निवडतात. ही तारीख त्यांना माहीत असणं किती महत्त्वाचं आहे, हे तुमच्या लक्षात येईल.

मग द्यायचं की नाही? कोक्रेन या संस्थेने यावरचे अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा औषध दिलेलं असो वा नसो, पहिल्या चोवीस तासांत सुमारे ६० टक्के मुलांचं दुखणं थांबलेलं होतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एका मुलाचं दुखणं औषधामुळे थांबावं, यासाठी वीस मुलांना औषध द्यावं लागतं. आणि औषध घेणाऱ्या दर चौदा मुलांमागे एकाला औषधामुळे उलट्या, जुलाब किंवा पुरळ होतं. हे आकडे ऐकून अनेक आईबाप म्हणतात, मग नकोच. थांबा. हे सगळ्या वयांच्या मुलांचं मिळून झालं. दोन वर्षांखालच्या मुलाचे दोन्ही कान एकदम बिघडले असतील तर औषधाचा फायदा खूपच वाढतो. तिथे चार मुलांना दिलं की एकाला ठळक फायदा होतो. कानातून पू वाहत असेल तर त्याहूनही जास्त.

तुमच्या मुलाच्या वयाला अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३मध्ये दिलेली रीत लागू पडते आणि मी तीच वापरते. दोन्ही कान फुगलेले, किंवा कान वाहतोय, किंवा ताप १०२.२ फॅरनहाइटवर गेलाय, किंवा दुखणं अठ्ठेचाळीस तास उलटून गेलं तरी थांबत नाही, तर अँटिबायोटिक लगेच आणि दहा दिवस. एकच कान, ताप कमी, मूल दुखण्याच्या औषधाने खेळायला लागतंय, तर दोन-तीन दिवस नजर ठेवून थांबता येतं. सहा महिन्यांखालच्या बाळाला मात्र थांबत नाहीत. थांबणं म्हणजे दुर्लक्ष करणं नव्हे. ठरलेल्या दिवशी पुन्हा कान दाखवायचा, नाहीतर डॉक्टरांनी आधीच लिहून दिलेली चिठ्ठी जवळ ठेवायची आणि बिघडलं तर त्यांना विचारून सुरू करायचं. मी शुक्रवारी थांबायला सांगितलं तर रविवारी काय करायचं, ते कागदावर लिहून देते. तुम्हीही मागून घ्या.

दहा दिवस ऐकून तुमच्या पोटात गोळा आला असेल. पिट्सबर्गच्या डॉक्टरांनी ६ ते २३ महिन्यांच्या ५२० मुलांवर नेमकं हेच तपासलं होतं. २०१६मध्ये त्याचा निकाल आला. पाच दिवसांच्या गटात ३४ टक्के मुलांचा कान बरा झाला नाही, दहा दिवसांच्या गटात १६ टक्के. आणि कमी दिवस दिलं म्हणून जुलाब कमी झाले, असंही दिसलं नाही. म्हणजे या वयात खऱ्या संसर्गाला औषध द्यायचं ठरलं, तर ते पुरतं द्यायचं. दोन वर्षांवरच्या, फार आजारी नसलेल्या मुलाला सात दिवस पुरतात.

इथे मला बाटलीबद्दल बोलायचंच आहे, कारण माझ्याकडे परत येणाऱ्या कानांतले कितीतरी बाटलीमुळे परत येतात. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडचं पातळ औषध कोरड्या पावडरीच्या रूपात, बहुधा ३० मिलीच्या बाटलीत येतं. दहा किलोच्या मुलाला कानासाठी लागणाऱ्या डोसने पाच मिलीत ४०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिनवाली बाटली जेमतेम तीन दिवस पुरते. आणि आपल्याकडे घरोघरी समज काय? बाटली संपली, कोर्स संपला. तेव्हा औषध घेतानाच विचारा, दहा दिवसांना किती बाटल्या लागतील. सगळ्या एकदम कालवू नका. पावडर आधी हलवून मोकळी करायची, उकळून पूर्ण गार केलेलं किंवा सोबत दिलेल्या कुपीतलं पाणी खुणेच्या थोडं खालपर्यंत घालायचं, जोरात हलवायचं, फेस बसू द्यायचा आणि मग नेमकं खुणेपर्यंत पाणी भरायचं. फेसावरून खूण पाहिली तर पाणी कमी पडतं आणि औषध घट्ट होतं. कालवल्याची तारीख बाटलीवर पेनाने लिहा. फ्रीजमध्ये ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. सात दिवसांनंतर उरलेलं ओतून टाका. स्वयंपाकघरातला चमचा नको, मिलीच्या खुणा असलेली पिचकारी वापरा. आणि हे औषध जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर द्या, पोटाला त्रास कमी होतो.

जुलाब बहुतेक वेळा क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडमुळे होतात. प्रत्येक वेळी ते लागतंच असं नाही. महिन्याभरात अमॉक्सिसिलिन झालेलं नसेल आणि डोळे आलेले नसतील, तर नुसतं अमॉक्सिसिलिन पुरतं का, असं डॉक्टरांना खुशाल विचारा. जास्त डोस हवाच असेल तर पाच मिलीत ६०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन असलेली बाटली मिळते. तिच्यात क्लॅव्ह्युलॅनिकचं प्रमाण निम्मं असतं. पण बाटली बदलली की मिलीचा हिशेब बदलतो, तेव्हा दुकानदाराने ‘हीच घ्या, सारखीच आहे’ म्हटलं तरी नवी बाटली डॉक्टरांना दाखवल्याशिवाय जुन्या मापाने देऊ नका. काहीजण कंटाळून म्हणतात, त्यापेक्षा तीन दिवसांचं ॲझिथ्रोमायसिन बरं. ते सोपं असलं तरी कानातल्या जंतूंवर त्याचा भरवसा कमी. सोपं म्हणून ते निवडू नका.

जुलाब सुरू झाले तर खाणं तोडायचं नाही. मऊ भात, वरण, ताक, दही, केळं, सगळं चालतं. ‘कान आहे, दही-केळं बंद’ हा नियम पुस्तकात कुठेही नाही. दर जुलाबामागे ओआरएसचे घोट द्या. लिटरची पुडी लिटरभर पाण्यातच कालवा, अर्धी पुडी वाटीत असं नको. चौदा दिवस झिंक द्या, मापाने. जुलाब थांबवणारं औषध लहान मुलाला देऊ नका. शौचातून रक्त आलं, तोंड सुकलं, डोळे खोल गेले तर लगेच दाखवा. प्रोबायोटिकच्या पुड्यांनी काही मुलांचे जुलाब कमी होतात. डॉक्टरांनी दिल्या तर द्या, नाही दिल्या तर काही बिघडलं नाही.

सोललेल्या ढुंगणाबद्दल तुम्ही फक्त एक ओळ लिहिलीत, पण मूल त्यानेच रात्रभर रडलं असणार. पुसण्याचे ओले कागद बंद करा, कोमट पाण्याने धुवा, टिपून कोरडं करा, दिवसातून काही वेळ लंगोट किंवा डायपर काढून उघडं राहू द्या आणि झिंक ऑक्साइडचं मलम पोळीला तूप लावतात तसं पातळ नव्हे, चांगलं जाड लावा. जांघेच्या घडीत लालभडक पट्टा आणि भोवती सुटे लाल ठिपके असतील, तर ती बुरशी आहे. अँटिबायोटिकनंतर ती बरेचदा येते. तिला बुरशीचं साधं मलम लागतं. घरातल्या कपाटात असलेली ‘सगळ्यावर चालणारी’ ट्यूब लावू नका. तिच्यात बहुतेकदा स्टेरॉइड असतं.

आता पुरळ. औषध उष्ण पडलं, असं आपण म्हणतो, आणि ते म्हणून पुढे कुणाला सांगत नाही. सातव्या दिवशी पोटापाठीवर आलेलं, न खाजणारं, सपाट लाल पुरळ अमॉक्सिसिलिन घेणाऱ्या मुलांत बरंच दिसतं, आणि पुष्कळदा ते औषधापेक्षा अंगातल्या विषाणूचं असतं. खरी धोक्याची ॲलर्जी बहुधा डोस दिल्यावर तासा-दोन तासांत येते: खाजणाऱ्या गांधी उठतात, ओठ-डोळे सुजतात, श्वासात घरघर होते, उलट्या होतात. तसं झालं तर लगेच रुग्णालयात न्यायचं. पुरळासोबत ताप चढला, तोंडात फोड आले, कातडी सोलवटायला लागली, तरी थांबायचं नाही. तुमच्या मुलाला ऑगस्टनंतर आता पुन्हा त्याच जातीचं औषध चार दिवस मिळालं आणि पुरळ आलं नाही, ही दिलासा देणारी गोष्ट आहे. तरी निर्णय डॉक्टरांचा. त्यांना फोटो दाखवा. ‘पेनिसिलिन चालत नाही’ असा शिक्का कार्डावर एकदा बसला की जन्मभर पुसत नाही आणि मग मुलाला कारण नसताना जास्त जड औषधं मिळत राहतात. असा शिक्का बसलेल्या बहुतेक मुलांना नीट तपासणी केल्यावर ती ॲलर्जी नसल्याचंच निघतं.

अँटिबायोटिक असो वा नसो, ठणका थांबवणं हे पहिलं काम. रात्री दोन वाजता रडणाऱ्या मुलाला त्या घटकेला अँटिबायोटिकचा उपयोग नसतो, पॅरासिटामॉलचा असतो. वजनावरून डोस लिहून घ्या आणि एक गोष्ट फार सांभाळा: थेंबांच्या बाटलीत एका मिलीत १०० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं आणि पातळ औषधाच्या बाटलीत पाच मिलीत १२० किंवा २५०. आजीने थेंबांची बाटली पाच मिलीच्या मापाने दिली तर दुप्पट ते चौपट डोस होतो. दोन्ही बाटल्या घरात एकदम ठेवूच नका. ताप-दुखण्यावरचं निमेसुलाइड बारा वर्षांखालच्या मुलांना आपल्या देशात २०११पासून बंद आहे. जुनी बाटली असली तर फेकून द्या. सर्दीच्या, क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेल्या औषधांवर ‘चार वर्षांखाली वापरू नये’ असं छापण्याचा आदेश २०२३ साली निघाला. त्यांनी कान लवकर बरा होतही नाही.

सासूबाईंशी भांडू नका. त्यांच्या आईने त्यांच्या कानात तेल सोडलं, त्यांनी तुमच्या नवऱ्याच्या, आणि कान बरे झाले, कारण बहुतेक कान बरे होतातच. त्यांना एवढंच सांगा की पू पडद्याच्या मागे आहे आणि तेल पडद्याच्या पुढेच राहतं. पडदा फुटलेला असला तर ते आत जातं आणि आग होते. शिवाय तेलाचा थर बसला की दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना पडदा दिसत नाही, आणि आपली सगळी गोष्ट तर पडदा दिसण्यावरच अडली आहे. पावसाळ्यात तेलकट कानात बुरशीही धरते. त्यांचा हात मोडू नका, त्याला काम द्या: कोमट फडक्याने कानाबाहेरून शेक, रात्री मुलाला खांद्यावर उभं धरून थोपटणं. कानटोपी घालायची तर घालू द्या. पण न्हाऊ घातल्यावरची धुरी मात्र बंद करायला हवी. ओव्याची असो की वावडिंगाची, धूर तो धूर. उदबत्ती, डासांची कॉइल, बाल्कनीत ओढलेली सिगरेट, यांनी त्या इवल्या नळीचं अस्तर सुजतं. कान टाळायचे तर घरातला धूर थांबवणं हा आपल्या हातातला एक महत्त्वाचा उपाय.

बाकी थोडक्यात. दूध आडवं पाजू नका, बाटली सोडवून पेल्यावर आणा, चोखणी असेल तर काढा. माता-बाल संरक्षण कार्डावर न्युमोकोकल लसीचे दीड महिन्याचा, साडेतीन महिन्यांचा आणि नऊ महिन्यांचा असे तिन्ही डोस आहेत का पाहा. २०२१पासून ही लस देशभर सरकारी केंद्रांत मोफत मिळते. फ्लूची लस दरवर्षी घ्या. पाळणाघर सोडा, असं मी सांगणार नाही. तुमची नोकरी हीही त्या घराची गरज आहे. पाच-सहा मुलं सांभाळणारं छोटं पाळणाघर मिळालं तर सर्द्या थोड्या कमी होतील, एवढंच.

बहिरेपणाच्या भीतीबद्दल. संसर्ग बरा झाल्यावरही पडद्यामागे पाणी राहतं. महिन्यानंतर साधारण ४० टक्के मुलांत, तीन महिन्यांनंतर १० ते २५ टक्के मुलांत ते असतं. ताप नाही, दुखत नाही, नुसतं पाणी आहे, तर त्याला अँटिबायोटिक लागत नाही. तुमच्या सहा वेळांपैकी एखादी वेळ अशीच पाण्याची असू शकेल. या काळात मुलाला कापसाचे बोळे घातल्यासारखं ऐकू येतं. म्हणून त्याच्यासमोर बसून, डोळ्यांत बघून बोला, टीव्ही बंद ठेवा. तीन महिन्यांनंतरही पाणी असेल, किंवा नवे शब्द थांबले असतील, तर श्रवण तपासणी करून घ्या. कायमचा बहिरेपणा अशा कानांतून क्वचितच येतो, पण बोलायला शिकायच्या वयात चार महिने कमी ऐकू येणं हेही काही थोडं नाही.

ग्रोमेट म्हणजे पडद्याला बारीक छेद देऊन बसवलेली इवलीशी नळी. भूल द्यावी लागते. नळी साधारण सहा ते अठरा महिन्यांत आपोआप गळून पडते. वारंवार संसर्ग होणाऱ्या २५० मुलांवर झालेल्या, २०२१मध्ये आलेल्या एका अभ्यासात ग्रोमेट बसवलेल्या मुलांना वर्षाला सरासरी १.४८ संसर्ग झाले, न बसवलेल्यांना १.५६. फरक जवळजवळ नाहीच. म्हणून घाई नको. पण मधल्या काळात पडद्यामागचं पाणी उतरतच नसेल, ऐकण्याची तपासणी कमी येत असेल, किंवा अँटिबायोटिक खरंच सोसत नसेल, तर ग्रोमेटचा खरा उपयोग आहे. ग्रोमेट असताना कान वाहिला तर बहुधा कानात घालायच्या थेंबांवर भागतं, पोटात औषध द्यावं लागत नाही. तुमच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना विचारा, ‘आज, तो बरा असताना, पडद्यामागे पाणी आहे का?’ उत्तर ‘नाही’ आलं तर तुम्हाला थांबायला हरकत नाही.

आणि एक वही करा. दोनशे पानी नको, खिशात मावणारी. दर वेळी तारीख, ताप किती, कोणता कान, पडदा पाहिला का आणि कसा होता, औषधाचं नाव बाटलीवरून उतरवून, किती मिली, किती दिवस दिलं, काय त्रास झाला आणि तो कितव्या दिवशी. जुन्या सहा वेळांचं जेवढं आठवतंय तेवढं आज रात्रीच उतरवून काढा. चिठ्ठ्या आणि औषधांची बिलं शोधली तर निम्मं सापडेल. पहिल्या पानावर त्याचं वजन पेन्सिलने लिहा, दर महिन्याला खोडून नवं लिहायला.